पुठ्ठ्याची पाचर

व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की माझ्या बेस गिटारमधून खरखर यायची. कारण एवढंच. त्यासाठी समोरच्या पत्र्याचे तीन स्क्रू काढायचे, आत क्लीनरचा फवारा मारायचा, नॉब दहा-वीस वेळा मागेपुढे फिरवायचा आणि पत्रा परत बसवायचा. पंधरा मिनिटांचं काम. पण हातात स्क्रू ड्रायव्हर आला की मला थांबवत नाही, हा जुना रोग. नव्या घालायच्या म्हणून तारा उतरवलेल्याच होत्या, तेव्हा म्हटलं पाठीमागची चौकोनी पट्टीही उघडून बघू. चार लांब स्क्रू निघाले, नेक, म्हणजे तारांखालची लांब मान, जराशी करकरली, बॉडीतून सुटली आणि खोबणीतून पुठ्ठ्याचा एक तुकडा टेबलावर पडला. बोटभर लांब, नखाएवढा रुंद, जाडी अर्धा मिलिमीटर असेल-नसेल. एका बाजूने लाकडाचा तेलकट तपकिरी रंग पिऊन बसलेला. दुसरी बाजू अजून गुळगुळीत, आणि तिच्यावर छापलेलं १०५. त्याच्या आधीचं काहीतरी कात्रीने अर्धवट कापलेलं.

खरं सांगायचं तर मला फसवल्यासारखं वाटलं. या जोडाचं कौतुक मी चारचौघांत केलेलं आहे. बॉडीत कोरलेली खोबण आणि तिच्यात बसणारी नेकची टाच, या दोघांच्या मधल्या फटीत व्हिजिटिंग कार्ड शिरत नाही, हे मी घरी आलेल्या लोकांना कार्ड घालून दाखवलेलं आहे. लोक बिचारे ‘अरे वा’ म्हणतात आणि विषय बदलतात. चित्रातल्यासारखं दिसणारं लाकूड, चकाकणारं पॉलिश यांच्यावर भुलणारे आपण नव्हे, आपण जोड बघतो, असा एक छुपा अहंकारही त्यात होता. आणि इतकी वर्षं त्या देखण्या जोडाच्या पोटात पुठ्ठा होता.

म्हणजे पाचर. मराठीत या शब्दाची अब्रू फारशी बरी नाही. कुणाच्या सरळ चाललेल्या कामात कुणीतरी पाचर मारतो, तेव्हाच ती आपल्याला आठवते. कुऱ्हाडीचं पातं दांड्यावर घट्ट बसतं तेही पाचरीमुळेच, पण तिथे तिचं नाव कोण घेतो?

ही बेस माझ्याकडे आली तेव्हाच जुनी होती. डोक्यावरचं नाव आधीच्या कुणीतरी घासून काढलेलं, त्यामुळे ती नक्की कुणी बनवली हे मला सांगता येत नाही. आकार फेंडर कंपनीच्या जॅझ बेसचा, तारांची थरथर टिपणारे दोन पिकअप, तीन नॉब. पहिल्यांदा गळ्यात अडकवली तेव्हा कानांच्या आधी बरगड्यांना कळलं की ही चांगली आहे. बॉडीच्या पाठीला वरच्या बाजूने एक उतार काढलेला आहे, तो नेमका तिथेच येतो जिथे माणसाचं पोट सुरू होतं. समोरून उजवा हात टेकतो तिथली कडही अशीच उतरती. चार किलोच्या आसपासचं लाकूड, पण अंगाला कुठे कड म्हणून लागत नाही. आणि पट्टा लावून दोन्ही हात सोडून दिले तरी नेक जमिनीकडे झुकत नाही. हे साधं नाही. बेसची नेक लांब, तिच्या टोकाला चार जाडजूड लोखंडी खुंट्या. पट्ट्याचं बटण चुकीच्या जागी असेल तर वाद्य हात सोडताच मान टाकतं, अगदी उन्हात कोमेजलेल्या रोपासारखं. मग सगळा कार्यक्रम डाव्या हाताने ते डोकं सावरत काढायचा, आणि ज्या हाताने सूर दाबायचे तो हमालीला जुंपायचा. म्हणून बॉडीचं वरचं शिंग लांब काढतात, पार नेकवरच्या बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे सूर ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्टीच्या आसपास, आणि बटण त्याच्या टोकाला. लोकांना ते शिंग म्हणजे स्टाइल वाटते. मूळची ती तागडी आहे.

हे शिंग पहिल्यांदा काढलं लिओ फेंडरच्या कारखान्यात, १९५१ साली, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये. त्या आधी खालचे सूर वाजवायचे म्हणजे माणसापेक्षा उंच डबल बेस उभा धरायचा, तो गाडीत मावत नाही आणि ड्रम-ट्रम्पेटच्या गर्दीत ऐकूही येत नाही. विजेवर चालणारी, आडवी धरायची, फ्रेट असलेली बेस सिॲटलच्या पॉल टटमार्कने १९३०च्या दशकातच केली होती, पण ती चालली नाही. चालली ती फेंडरची. तिचं नाव प्रिसिजन, कारण फ्रेटमुळे सूर नेमका लागतो, अंदाजाने बोट सरकवावं लागत नाही. तारेची लांबी त्याने धरली ३४ इंच. आजही बहुतेक बेस ३४ इंचांच्याच असतात, सत्तर वर्षांनंतरही. मला यात सगळ्यात जास्त आवडतं ते हे की लिओ स्वतः गिटार वाजवणारा नव्हता. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या वाद्याकडे त्या नजरेने बघितलं की खूप गोष्टी उलगडतात. व्हायोलिन बनवणारा नेक सरसाने चिकटवतो, कारण त्याच्या मनात ती पुन्हा उघडायची वेळ लवकर येऊ नये असंच असतं. दुरुस्तीवाल्याच्या मनात उलटं. ही वस्तू बिघडणार, परत येणार, तेव्हा ती उघडता आली पाहिजे. म्हणून नेकला चार स्क्रू, सगळं वायरिंग एका पत्र्यावर किंवा पत्र्याखाली, नेक वाकली तर आख्खी नेक बदलायची सोय. इतर गिटार बनवणाऱ्यांनी तेव्हा या स्क्रूंना नाकं मुरडली. हे वाद्य आहे की टेबल?

तिचा पहिला आकारही काही सुंदर नव्हता. सपाट फळी, काटकोनी कडा, चारही तारांना मिळून टेकायला दोनच सॅडल. १९५४ मध्ये अंगाला लागणारे उतार आले. १९५७ मध्ये पिकअपचे दोन तुकडे झाले, प्रत्येक तुकडा दोन तारांना. एकाचं चुंबक आणि वेटोळं दुसऱ्याच्या उलट, त्यामुळे खोलीतल्या विजेची गुणगुण एकमेकांत विरते आणि तारेचा आवाज मात्र शिल्लक राहतो. १९६० मध्ये जॅझ बेस आली, कंबर तिरकी, नेक डोक्याकडच्या टोकाशी जेमतेम ३८ मिलिमीटर रुंद. माझ्या बेसवर या सगळ्याचं प्रात्यक्षिक रोज होतं. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडे असतील तर शांतता. एक नॉब केसभर कमी केला की अँपमधून भुंगा सुरू. तेवढी गुणगुण मी सहन करतो, कारण नॉब तेवढा कमी केल्यावर मधल्या सुरांत येणारा जो नाकातला गोडवा असतो, तो दुसऱ्या कशाने येत नाही.

आणि लिओचं चुकलेलंसुद्धा मला प्रिय आहे. त्याची समजूत अशी की लोक ही बेस अंगठ्याने छेडतील. म्हणून त्याने बोटं अडकवायला एक छोटी पट्टी दिली, ती सगळ्यात बारीक तारेच्या खाली. लोकांनी अंगठा टेकवला आणि बोटांनी वाजवायला सुरुवात केली. पट्टी बिनकामाची होऊन तशीच राहिली, आणि सत्तरच्या दशकात कधीतरी ती गुपचूप वरच्या बाजूला सरकली, अंगठ्यासाठी. ब्रिजवर, म्हणजे सॅडल बसतात त्या पत्र्यावर, चकचकीत झाकण असायचं, त्याच्या आत फोमचा तुकडा, म्हणजे तार फार वेळ घुमत राहू नये. बहुतेकांनी ते झाकण काढून फेकलं. जेम्स जेमरसनने ठेवलं. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाण्यांचा तळ या माणसाने घातला, १९६२ सालच्या प्रिसिजनवर, सपाट वेटोळ्याच्या जुनाट तारा आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरून. तो ठसठशीत, लगेच मिटणारा सूर ऐकला की त्या फोमचं श्रेय किती आणि बोटाचं किती, हे मला कधीच ठरवता आलेलं नाही.

रात्री अँप लावता येत नाही तेव्हा मी शिंगावर हनुवटी टेकवतो.

जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं. छोट्या स्पीकरला हा सूर धड पेलतही नाही, तो वरचे वरचे अंश वाजवतो आणि पाया आपला मेंदूच भरून घेतो. हनुवटीच्या हाडातून मात्र तो खरा येतो. लाकूड आधी दचकतं, मग गुरगुरतं, मग बराच वेळ ओसरत राहतं. वाद्य चांगलं जोडलेलं आहे की नाही हे इथे कळतं. जोड ढिला असेल तर त्या गुरगुरण्यात एक पोकळ पापुद्रा ऐकू येतो. माझ्या बेसमध्ये तो नाही, पण दोष आहेतच. बारीक तारेवर सहाव्या फ्रेटला सूर लागतो आणि लगेच मरतो, जणू कुणी तारेवर ओलं फडकं टाकलं. तिथे नेक स्वतःच त्या सुराशी थरथरायला लागते आणि तारेची ताकद खाऊन टाकते. लाकडी नेकच्या बऱ्याच बेसना हे दुखणं असतं. नेड स्टाइनबर्गर नावाच्या फर्निचर डिझाइन करणाऱ्या माणसाने १९८०च्या सुमारास यावर जालीम उपाय काढला. लाकूडच नको, ग्राफाइट आणि राळेचा कडक सांगाडा, डोकं उडवून खुंट्या बुडाशी नेलेल्या. नेकच्या टोकाला वजनच नाही, तर मान टाकणार कोण? डोक्याने मला ती बेस पटते. हातात घेतली तेव्हा मात्र सगळा वेळ एखादं उपकरण धरल्यासारखं वाटलं, आणि मी माझ्या मेलेल्या सहाव्या फ्रेटकडे मुकाट परत आलो. त्याच्या जागी मी तोच सूर खालच्या तारेवर अकराव्या फ्रेटला घेतो. सवयीने आता ते लक्षातही येत नाही.

बारीक गोष्टी बघायच्या तर मी खुंटी बघायला सांगेन. तारेचं टोक आरपार घालून बाहेर काढायची सोय तिच्यात नाही. खुंटीला वरून एक चीर असते आणि चिरेच्या मध्यभागी खोल भोक. तार अंदाजाने कापायची, तिचं टोक त्या भोकात उभं खुपसायचं, चिरेतून काटकोनात वळवायचं आणि गुंडाळायला लागायचं. झालं की टोक खुंटीच्या पोटात. जाड तारेचं कापलेलं टोक सुईसारखं असतं, ते कुठेही बाहेर डोकावत नाही. अंधारात, घाईत, खुंटीकडे हात गेला तर बोट फाटू नये इतका विचार कुणीतरी केलेला आहे आणि त्याचा कुठेही गाजावाजा नाही. याउलट हल्ली दोन हजार वेळा पॉलिश केल्यासारख्या, पाच प्रकारच्या लाकडांचे थर दाखवणाऱ्या बेस दिसतात. नॉब सात. नाकारत नाही, सुंदर असतात. पण त्यांच्यासमोर मला नवीन सोफ्यावर बसायला सांगितल्यासारखं होतं.

चार तारा मिळून नेकला साधारण सत्तर-ऐंशी किलोने ओढत असतात. एक धडधाकट माणूस रात्रंदिवस लोंबकळतोय असं समजा. नेक मेपलची, जेमतेम दोन सेंटिमीटर जाड. ती वाकणारच. तिच्या आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड, तिचा नट पाव आटा फिरवला की नेक उलट बाजूला ताठ होते. हवा दमट झाली, कोरडी झाली की पुन्हा पाव आटा. सॅडल वरखाली करायला प्रत्येकी दोन स्क्रू, सूर चुकतोय तर मागेपुढे सरकवायला एक. म्हणजे एका साध्या बेसवर नुसते जुळवून घेण्याचे स्क्रू मोजले तरी डझनावर जातात. पूर्वी मला हे अर्धवट काम वाटायचं, म्हणजे नक्की कुठे काय हवं हे ठरवता आलं नाही म्हणून स्क्रूवर सोडून दिलं. लाकडाशी काम करणाऱ्याला विचारा. लाकूड तोडल्यावरही जागेवर राहत नाही, आणि वाजवणारा कोण असेल हे बनवताना माहीत नसतं. कुणाला तार बोटाखाली लोण्यासारखी हवी, कुणाला झगडायला हवी. जॅको पास्टोरियस या बेसवादकाच्या १९६२ च्या जॅझ बेसवर तर फ्रेटच नव्हते, आणि त्याने फिंगरबोर्डवर होड्यांना लावतात ते इपॉक्सी थापलं. बनवणाऱ्याने त्याची कल्पनाही केली नसेल, पण बेसने ते पचवलं.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी तो पुठ्ठा मला सहन होईना. स्क्रू म्हणजे योजना, पुठ्ठा म्हणजे वेळ मारून नेणं, असा काहीतरी हिशेब मनात होता. म्हणून मी तो बाजूला ठेवला, खोबण झाडून पुसून लख्ख केली आणि लाकडावर लाकूड बसवून चारही स्क्रू आवळले. तारा चढवल्या. बाराव्या फ्रेटला तार पूर्वीपेक्षा मिलिमीटरभर वर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पाच मिनिटांत डावं मनगट बोलायला लागलं. सॅडल खाली घ्यायला गेलो तर ते आधीच पत्र्यावर टेकलेले. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत सुताराने अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात पाचर ठोकून ठेवलेली असते आणि माकड ती उपसतं. त्या गोष्टीत माकडाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

कागद घेऊन बसलो तेव्हा गणित सोपं निघालं. खोबण साडेसात सेंटिमीटर लांब. तिच्या ब्रिजकडच्या टोकाला अर्धा मिलिमीटर उचललं की नेक पाठीमागे किंचित कलते, आणि तो कल पुढे ब्रिजपर्यंत ओढला तर सॅडलला दोन मिलिमीटरहून जास्त जागा मिळते. अर्ध्याचे दोन. ज्याने हे केलं त्याला कुठे, किती आणि कुठल्या टोकाला हे बरोबर कळत होतं. नंतर आठवलं की फेंडरच्या कारखान्यातूनही पन्नास-साठच्या दशकांतल्या कित्येक नेक अशाच पातळ फायबरच्या पट्ट्या घालून बाहेर पडलेल्या आहेत. सत्तरच्या दशकात तर काही वाद्यांना नेक कलती करायला पाठीमागून ॲलन कीचा वेगळा स्क्रूच दिला.

ज्यांच्याकडून बेस घेतली त्या काकांना फोन केला. म्हटलं, “काका, नेकखाली पुठ्ठा तुम्ही घातला होता का?”

“पुठ्ठा? मी कशाला घालू? मी नेक कधी खोललीच नाही.” मग थोडं थांबून, “तू खोललीस?”

त्या ‘तू खोललीस’मध्ये जे होतं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग ते १०५ पुन्हा बघितलं. बेसच्या नेहमीच्या संचात सगळ्यात जाड तार इंचाच्या १०५ सहस्रांशांची असते. पुठ्ठा तारांच्या पाकिटाचा होता. म्हणजे कुणीतरी, काकांच्याही आधी, एका बैठकीत तारा बदलत होता, तार वर वाटली, नेक सोडवली, हाताशी जे होतं ते कापलं, बसवलं, वाजवून बघितलं आणि जमलं. फुलर्टनच्या कारखान्यात ताडेओ गोमेझ नावाचे कारागीर नेक घडवायचे आणि टाचेवर पेन्सिलीने टीजी आणि तारीख लिहायचे. खोबणीत गेल्यावर ते अक्षर कुणाला दिसणार नसायचं. आज लोक जुन्या नेक खोलून त्या दोन अक्षरांसाठी श्वास रोखतात. माझ्या नेकच्या टाचेवर मी दिवा धरून शोधलं. पेन्सिलीची एक आडवी रेघ आणि बरोबरची खूण होती. नाव नव्हतं. पुठ्ठ्यावर तर तेही नव्हतं.

तरी मी पुठ्ठा परत घातला नाही, हेही सांगितलं पाहिजे. मेपलची पातळ पट्टी घेतली, काचेवर पॉलिश पेपर चिकटवला आणि ती घासत बसलो, एका टोकाला अर्धा मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला शून्य, खोबणीच्या पूर्ण लांबीची. पहिली शून्याच्या टोकाशी फाटली. दुसरी तिरकी झाली. तिसरीला तीन संध्याकाळी लागल्या आणि बोटांचे ठसे जवळपास गेले. बसवली, स्क्रू आवळले, तारा चढवल्या. बाराव्या फ्रेटला तार पूर्वी होती बरोबर तिथे. शिंगावर हनुवटी टेकवली. तोच दचका, तेच गुरगुरणं, आणि सहावा फ्रेट तसाच मेलेला. पुठ्ठ्यापेक्षा आवाज खुलला असं म्हणायची फार इच्छा होती, पण कान तयार होईनात. पुठ्ठ्याचा तुकडा केसच्या कप्प्यात ॲलन कीच्या शेजारी ठेवून दिला.

मग अँप लावला आणि व्हॉल्यूमचा नॉब फिरवला. खर्रर्र.